चिंधा फुवांची टोपी आणि तोतारामची कॅसेट

आमच्या धुळ्याच्या देवपुरात लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारे तोतारामच्या आधीही होते. पण चालू लग्न थांबवू शकणारा पहिला माणूस म्हणजे तोताराम बडगुजर.

आधी त्याचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, ओळखपत्राचे फोटो, आणि मुलगी दाखवण्यासाठी लागणारा तो एक उभा फोटो, ज्यात मागे पडद्यावर रंगवलेला ताजमहाल असायचा. मग त्याने मुंबईहून खांद्यावर घ्यायचा मोठा व्हिडिओ कॅमेरा आणला आणि त्याचा आवाजच बदलला. स्टुडिओत तो गिऱ्हाइकाला हळूच म्हणायचा, "हनुवटी जरा वर घ्या." मंडपात तो गर्जायचा, "थांबा! कोणी हलू नका!" आणि शेकडो माणसं खरोखरच थांबायची. आचारी झारा हातात धरून थांबायचा. गुरुजी 'सावधान' अर्धं तोंडात ठेवून थांबायचे.

तोतारामचं मत असं, की जी गोष्ट नीट दिसली नाही ती पुन्हा करायला काय हरकत आहे? मामा मुलीला घेऊन बोहल्याकडे निघाला आणि मध्ये कुणाचं डोकं आलं, तर मामाने परत जायचं आणि पुन्हा यायचं. पारोळ्याच्या एका लग्नात त्याने मुलीच्या मावशीला सांगितलं, "मावशी, तुम्ही फार छान रडल्या, पण माझी बॅटरी गेली होती. आता परत एकदा, तोंड इकडे करून." मावशी परत रडली. पहिल्यापेक्षा चांगली रडली, असं तिचं तिलाच वाटलं, आणि कॅसेट आल्यावर तो भाग तिने गल्लीभर दाखवला.

आम्ही शेजारी. मी त्याला एकदा विचारलं, "तोताराम, हे खोटं नाही का?"

"खोटं कसं, भाऊसाहेब? मी न झालेलं काही दाखवत नाही. झालेलंच परत करून घेतो."

मी कॉमर्सचा माणूस. मला ते पटलं नाही, पण त्यातली चूक नेमकी कुठे आहे तेही सांगता आलं नाही. ती चूक सापडली ती अभिमन नानांच्या कुंदाच्या लग्नानंतर.

अभिमन नाना माझे चुलतभाऊ. धुळ्यापासून अर्ध्या तासावर लोणखेडीला त्यांची शेती. कुंदा त्यांची धाकटी, बारावी पास, बोलायला चटपटीत. तिला अमळनेरकडच्या आंबोड्याच्या सुकदेवला दिलं होतं. मुलगा वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला. वडील लहानपणीच गेलेले. घरात आई भिकुबाई, आणि घरावर सत्ता चिंधा फुवांची. खानदेशात आत्याच्या नवऱ्याला फुवा म्हणतात. या फुवांनी सुकदेवला वाढवलं, शिकवलं, नोकरीला चिकटवलं. त्यामुळे त्या घरात फुवांनी हूं म्हटल्याशिवाय चुलीवर तवा चढत नसे.

लग्न माघात झालं. आमच्याकडे लग्न लागण्याआधी मानाच्या पाहुण्यांना टॉवेल-टोपी देतात. माइकवरून नाव पुकारलं जातं, पाहुणा पुढे येतो, खांद्यावर टॉवेल आणि डोक्यावर नवी टोपी. त्यातलं पहिलं नाव कुणाचं आणि दुसरं कुणाचं, यावरून सोयरिकी मोडलेल्या मी पाहिल्या आहेत. इथे पहिलं नाव चिंधा फुवांचं होतं, त्यात चूक झाली नव्हती.

फुवा पुढे आले. स्वतःची जुनी टोपी काढून त्यांनी खिशात घातली. नानांनी नवी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली, आणि त्याच क्षणी तोतारामच्या हॅलोजनने मंडपाचा फ्यूज उडवला. सगळा अंधार. हॅलोजन धरायला तोतारामचा मेहुणा लोटन होता, त्याला शिव्या पडल्या. फ्यूजची तार बदलली, उजेड आला. फुवा टोपी घालून तसेच उभे.

"थांबा!" तोताराम गर्जला. "फुवांची टोपी अंधारात गेली. नाना, टोपी काढा, परत घाला."

फुवांनी स्वतः मान खाली केली, हसत. नानांनी टोपी काढली. फुवांना पूर्ण टक्कल. हॅलोजन लोटनने अगदी जवळ धरला होता, त्यामुळे ते टक्कल असं चकाकलं की मागच्या रांगेतल्या बायांनी डोळ्यांवर पदर घेतला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "मामा पोरले लई उना!" तोतारामने कॅमेरा गर्रकन बोहल्याकडे वळवला. इकडे नानांनी टोपी परत फुवांच्या डोक्यावर घातली, फुवांनी ती नीट बसवली, आणि सगळे अक्षता घ्यायला धावले. लग्न लागलं. जेवणं झाली. फुवांनी तोतारामची पाठ थोपटली आणि जाताना दोन बुंदीचे लाडू जास्तीचे बांधून घेतले. रुसवाफुगवा काही नाही. मी तिथेच होतो.

तोताराम शूटिंगला जितका घाईचा तितकाच कॅसेट द्यायला सावकाश. लग्नांच्या तारखांमधून सवड मिळाली की तो घरात दोन व्हीसीआर जोडून बसायचा, नको ते गाळायचा, आणि वर सनई चढवायचा. सनई चढली की मंडपातले सगळे मूळ आवाज जायचे. त्यात त्याचं स्वतःचं ओरडणंही जायचं, म्हणून त्याला सनई फार आवडायची. कुंदाच्या कॅसेटमध्ये त्याने अंधाराचा भाग गाळला. टोपी काढतानाचा ठेवला.

"तो का ठेवलास?" मी नंतर विचारलं.

"फुवांचा चेहरा इतका स्पष्ट दुसरीकडे कुठेच नव्हता, भाऊसाहेब. मानाचा माणूस. गाळवेना."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कुंदा माहेरी आली. झोके झाले, गौराईची गाणी झाली. आखाजी झाली की आठवड्याभरात सासरचं कुणीतरी न्यायला येतं. नेमकी त्याच आठवड्यात कॅसेट तयार झाली आणि एक प्रत आंबोड्याला गेली. तिथे फुवांच्या अंगणात भाड्याचा व्हीसीआर आला, गाव जमलं, सनई सुरू झाली. आणि गावाने पाहिलं ते असं: चिंधा फुवा नवी टोपी घालून दिमाखात उभे आहेत, अभिमन नाना पुढे होतात, फुवांच्या डोक्यावरची टोपी उचलतात, टक्कल लखलखतं, आणि पुढच्या क्षणी मुलगी बोहल्यावर.

पोरं फिदीफिदी हसली. कुणीतरी म्हणालं, "आरे, फुवांना डोकावरनी टोपी उतारी लिधी का काय?" दुसऱ्याने तो भाग मागे घेऊन परत लावला. तिसऱ्याने आणखी एकदा. जितक्या वेळा लावला तितक्या वेळा नानांनी टोपी काढली, आणि एकदाही परत घातली नाही.

लग्नात फुवांना अपमान वाटला नव्हता. तो त्यांना टीव्हीवर पाहिल्यावर वाटला. स्वतः तिथे हजर होते, स्वतःच मान खाली केली होती, पण स्वतःच्या आठवणीपेक्षा त्यांचा कॅसेटवर जास्त विश्वास बसला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की पोर तिकडेच राहू द्या.

वैशाख सरला, ज्येष्ठ लागला. लोणखेडीच्या बाया विहिरीवर विचारू लागल्या, "कुंदा, अजून शे का आठेच?" सुकदेव वरणगावहून एकदा गुपचूप येऊन गेला. भला मुलगा, पण फुवांच्या पुढे त्याला वाचा फुटायची नाही. म्हणाला, "फुवा हो म्हणाले की मी पहिल्या गाडीने येतो." कुंदा म्हणाली, "मग फुवांशीच लग्न करायला हवं होतं मी."

नाना धुळ्याला तोतारामकडे आले. मीही गेलो.

"तोता, मंडपमां तू सांगं, मी टोपी काढी. आते तूच सांग, मी काय करू?"

"नाना, मी तो भाग कापून नवी कॅसेट देतो."

"गावना डोयामाईन कसा कापशी?"

मूळ कॅसेटमध्ये तोतारामचे "टोपी काढा, परत घाला" हे शब्द होते. पण मूळ कॅसेट तो पुन्हा वापरायचा. तिच्यावर आता शिरपूरचा साखरपुडा होता.

"मग तू चल आणि तोंडाने सांग," मी म्हणालो. "आम्ही पडलो मुलीकडचे."

तोतारामला ते नको होतं. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा त्याच्याकडे आत्ताच येऊ लागल्या होत्या. शूटिंगवाल्यामुळे सोयरीक तुटायला आली, ही गोष्ट एकदा पसरली की त्याला मंडपाच्या दाराशी कोण उभं करणार? तो म्हणाला, "माझं काय चुकलं? झालं तेच दाखवलं मी."

दाराशी कुंदा उभी होती. नानांबरोबर आली होती आणि इतका वेळ रिकाम्या स्टुडिओत ताजमहालासमोर बसली होती.

"तोताकाका, तुम्ही मला बोहल्यावर दोनदा चालायला लावलं, मी चालले. हार दोनदा घालायला लावला, मी घातला. तेव्हा वाटलं, दोनदा लागलेलं लग्न पक्कं असेल. तुम्ही झालं ते दाखवलं म्हणता ना? मग टोपी परत घातली ते झालं नव्हतं का?"

तोतारामने चष्मा काढून पुसला. मग लोटनला हाक मारली, "कॅमेरा बांध. आंबोड्याला जायचंय."

कॅमेरा कशाला, असं मी विचारलं. तर आंबोड्यातला भाड्याचा व्हीसीआर परत गेला होता, आणि याचा कॅमेरा टीव्हीला जोडून कॅसेट दाखवता यायची. तो सगळं सगळ्यांसमोर दाखवून बोलणार होता.

आम्ही दिवेलागणीच्या आधी पोचलो. फुवा ओट्यावर बसले होते. डोक्यावर टोपी. मी नीट पाहिलं; काठाला बारीक निळी शिवण. नानांनी लग्नासाठी घेतलेल्या टोप्यांचीच.

"फुवा, हाई टोपी त मीच दिधी ना?" नाना म्हणाले.

"हाई त्यानंतरनी शे," फुवा म्हणाले. "नंतरनी टोपीले काय करानं? कॅसेटमां शे का ती?"

अंगण भरलं. कुणीतरी घरातला टीव्ही बाहेर आणला. तोतारामने कॅसेट लावली, टोपीचा भाग दाखवला, टक्कल लखलखलं, पोरं सवयीने हसली. तोतारामने चित्र थांबवलं आणि उभा राहिला.

"मंडळी, टोपी काढा असं नानांना मी सांगितलं होतं. अंधारात गेली म्हणून परत घालायला. चूक माझी आहे."

"तुना आवाज त नही उना," एक म्हातारा म्हणाला. "सनई उनी."

"सनई मी नंतर घातली."

"म्हनजे तू नंतर घालस, नंतर काढस," फुवा म्हणाले. "मंग तुना शब्दवर काब्र विश्वास ठेवाना?"

"मी तिथे होतो, फुवा!"

"कोठे व्हता? कॅसेटमां मी शे, अभिमन शे, मंडपमांधलं कुत्रं बी शे. तू दिसस का कोठे?"

"मी कॅमेऱ्याच्या मागे होतो."

"मांगे त गंज, शंभर जन व्हतात."

इतकी वर्षं तोतारामनेच लोकांना सांगितलं होतं की कॅमेऱ्यात आलं ते पक्कं. लोकांनी ते मनावर घेतलं होतं. तो खाली बसला. अशा वेळी आपल्याकडे जे होतं तेच झालं: चहा आला.

भिकुबाईंनी पहिला कप नानांना दिला. भांडण असलं तरी पाहुणा तो पाहुणा. नानांनी कप तोंडाजवळ नेला, आणि फुवा ओट्यावरून झेपावले. "ठेव, ठेव!" म्हणत त्यांनी नानांच्या हातातून कप ओढून घेतला आणि चहा अंगणात भिरकावला. चहात माशी पडली होती. आम्ही सगळ्यांनी पाहिली, चांगली पंखवाली. फुवांनी भिकुबाईंना झापलं, दुसरा कप आणवला, स्वतःच्या हाताने नानांना दिला. रीत म्हणजे रीत.

तेवढ्यात लोटन तोतारामच्या कानाशी लागला. टीव्हीची वायर हलत होती म्हणून त्याने चहाच्या आधी कॅमेऱ्यात कोरी कॅसेट घालून रेकॉर्डिंग लावून पाहिलं होतं. कॅमेरा खाटेवर, तोंड ओट्याकडे. चहा भिरकावण्यापर्यंतचं सगळं आलं होतं. मग कुणाचातरी पाय लागून कॅमेरा भिंतीकडे वळला होता.

तोताराम उठला, आणि मंडपातल्या त्या आवाजात म्हणाला, "थांबा! कोणी हलू नका!"

त्याने कॅसेट मागे घेतली आणि लावली. आवाज बारीक केला. टीव्हीवर अभिमन नाना दिसले, दमलेले, पाहुणे म्हणून आलेले, हातात कप. ते कप तोंडाजवळ नेतात. चिंधा फुवा झेपावतात, कप हिसकावून घेतात, चहा फेकून देतात. पुढे नुसती भिंत.

अंगण असं फुटलं की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"फुवांनी पाव्हनाना हातमाईन चहा हिसकी लिधा!"

"आरे, माशी व्हती त्यामां!" फुवा ओरडले. "तुम्ही बठ्ठास्नी आते देखी ना!"

"माशी कोठे दिसस?" मागून एक बाई म्हणाली. पदराआड हसत होती, पण प्रश्न रास्त होता. माशी दिसत नव्हती.

"मी दुसरा कप दिधा ना त्याले!"

"तो कॅसेटमां नही शे, फुवा," तोच म्हातारा म्हणाला.

फुवा टीव्हीकडे पाहत राहिले. दारी आलेल्या पाहुण्याच्या हातचा चहा हिसकावणारा माणूस तिथे स्पष्ट दिसत होता, आणि तो माणूस ते स्वतः होते. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "तोताराम, हाई पुसी टाक. हाई बाहेर गयं त मना दारवर कोनी पाव्हना येवाव नही."

नानांनी तोतारामचा सदरा मागून ओढला आणि पुटपुटले, "पुसू नको, तोता. पहिले पोरले लई जावानं कबूल करू दे."

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. आपली बाजू पडलेली असताना हातात असं काही आलं तर कोण सोडतो? पण तोतारामने सदरा सोडवून घेतला. "नाही, नाना. त्यात माशी नाहीये," एवढंच म्हणाला. त्याने भिंगावर झाकण लावलं आणि त्या भागावर पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं.

पुसलं जातंय की नाही यावर गावाने पहारा दिला. सगळं आंबोडं काळ्या पडद्याकडे टक लावून बसलं. शेवटी कॅसेट मागे घेऊन परत लावली, काळं म्हणजे काळंच निघालं, तेव्हा फुवांनी श्वास सोडला.

"आते बदलामां काय जोयजे तुले?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही पुसा म्हणालात, पुसलं."

"कुंदाबद्दल काही बोलाव नही?"

"ते बोलायला आलो होतो. बोलून झालं माझं, तुम्ही ऐकलंत. ही कॅसेट वेगळी."

फुवांनी टोपी काढली, टकलावरून हात फिरवला, टोपी परत घातली. कुणीही हसलं नाही. मग ते नानांकडे न बघता, म्हशीकडे बघत म्हणाले, "अभिमन, मनी टोपीमां बी माशीच व्हती, आसं समज."

"व्हती, फुवा," नाना म्हणाले. "मोठी व्हती."

"शुक्रवारे मी सोता येस पोरले लेवाले."

"आते तरी आना!" आतून भिकुबाईंचा आवाज आला. "महिनाभर मीच चुल्हा फुकी राहिनू!"

परतीच्या वाटेवर नाना तोतारामशी बोलले नाहीत. पोरगी मिळाली, पण हातातलं हत्यार याने फेकलं कसं, हे त्यांना पचत नव्हतं. धुळं आल्यावर मात्र त्यांनी त्याला आधी भजी खाऊ घातली आणि मग विचारलं, "फुवा नही म्हनतात तर?"

"तर मी उद्या परत गेलो असतो."

"कॅमेरा लई?"

"न घेता."

त्या आठवड्यात तोतारामने आणखी एक काम केलं, कुणी सांगितलं नसताना. कुंदाच्या लग्नाच्या सगळ्या प्रती मागवून घेतल्या आणि टोपीच्या भागानंतर एक तुकडा जोडला. त्यात तो स्वतः आहे. ताजमहालासमोर स्टुलावर बसलाय, अंगात इस्त्रीचा शर्ट. म्हणतो, "मी तोताराम बडगुजर, शूटिंगवाला. ही टोपी माझ्या सांगण्यावरून काढली आणि लगेच परत घातली. ते घ्यायचं माझ्याकडून राहिलं." मग सनई पुढे चालू. कॅमेरा लोटनने धरला होता, त्यामुळे तोतारामच्या कपाळाचा वरचा भाग कापला गेलाय. लोटन म्हणत होता पुन्हा घेऊ. हा म्हणाला नको.

गिऱ्हाइकं तुटली का? काही तुटली. शिरपूरची पार्टी म्हणाली, आम्हाला मधेच बोलणारा माणूस नको. दोघं-तिघं मुद्दाम त्याच्याकडे आले, कारण त्यांच्याकडचे फुवाही तसेच होते.

शुक्रवारी चिंधा फुवा आले. डोक्यावर तीच निळ्या शिवणीची टोपी. नानांनी तोतारामलाही जेवायला बोलावलं होतं, आणि फुवांचा निरोप होता की कॅमेरा नको. तो रिकाम्या हाताने आला. हात कुठे ठेवायचे हे त्याला कळत नव्हतं. शेवटी वाढायला लागला. कढी त्याने दोघांच्या ताटाबाहेर सांडली.

मग कुंदा निघाली. आईच्या गळ्यात पडली, रडली, डोळे पुसले. नानांनी तोंड फिरवलं. फुवा अवघडून म्हणाले, "चाल बेटा, गाडी चुकी जाई." कुंदाने तोतारामच्या पायाला हात लावला आणि हळूच विचारलं, "काका, नीट झालं ना?"

"झालं. मी सगळं पाहिलं."

कुणी कुणाला परत बोलावलं नाही, कुणाला दुसऱ्यांदा रडावं लागलं नाही. फाट्यावर पोचलो तर गाडी यायची होती. लोणखेडीची मुलगी सासरी जाताना दुपारची एस.टी. न चुकता मिळाली, असं मी तरी प्रथमच पाहिलं.